आत्यांच्या फोटोची काळी चौकट

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. घरात पुस्तकं आहेत ती माझीच, आणि त्यातलीही बरीचशी गाइडं. अशा माणसानं आपल्या आठवणी लिहाव्यात आणि लोकांनी वेळ काढून त्या वाचाव्यात, असं म्हणायला माझी जीभ अजून अडखळते. शिवाय विषय तरी काय, तर मोठे फोटो पुठ्ठ्यावर कमी खर्चात कसे बसवले. पण ते काम करताना माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीमुळे एक माणूस आपली आई गेली असं समजून पुण्याहून मोटरसायकलवर निघाला, आणि त्या वेळी त्याची आई ओढ्याकाठी शेळ्या चारत होती. ही गोष्ट गावात अनेकदा सांगितली जाते आणि दर वेळी तिच्यात कुणीतरी काहीतरी घालतं. म्हणून जे झालं ते तसंच लिहून ठेवावं असं वाटलं.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सोनारीपासून जवळ. मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. भूगोलाच्या सरांनी गावाच्या सर्वेक्षणासाठी त्यांचा जुना कॅमेरा मला दिला होता, आणि सर्वेक्षण संपल्यावरही तो परत मागितला नाही. मग मी वर्षभर गावातल्या माणसांचे फोटो काढत राहिलो. विहिरीवर काम करणारे, ज्वारी काढणाऱ्या बायका, सलूनवाला, पिठाची गिरणी चालवणारी बाई. सरांनी त्यातले दहा निवडले आणि कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं. छपाई कॉलेज करून देणार होतं.

"भिंतीवर लावण्याजोगे करायचं काम तुझं," सर म्हणाले.

मी हो म्हणालो. ते किती मोठं काम आहे हे फोटो हातात येईपर्यंत मला कळलं नव्हतं. वीस बाय तीस इंचाचे दहा फोटो एका नळीत गुंडाळून आले. उघडला की फोटो आपसूक परत गुंडाळला जायचा. आईनं एका कोपऱ्यावर कुकर ठेवला, दुसऱ्यावर वरवंटा, तिसऱ्यावर माझा पाय आणि चौथ्यावर तिचा. तेव्हा कुठं पहिला फोटो आमच्या फरशीवर सपाट झाला. तो आत्यांचा होता.

आत्या म्हणजे आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या. नात्यानं आमच्या कुणी नाहीत, पण गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या आत्या आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता मुलगा पुण्याकडे कंपनीत गाडी चालवतो. आत्या शेळ्या राखतात, आपल्या भागातल्या काळ्या, चकचकीत अंगाच्या. फोटोत त्या बाभळीखाली बसून मांडीवरच्या करडाला बाटलीनं दूध पाजत होत्या आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत होत्या. त्या वेळी त्या मला म्हणत होत्या, "आता बास कर की रं." ते शब्द फोटोत ऐकू येत नाहीत, पण चेहऱ्यावर आहेत.

पहिल्यांदा मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तिथं फोटो सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, चिकटवून देतात. दुकानदारानं भाव सांगितला तेव्हा मी "घरी विचारून येतो" म्हणालो आणि नळी काखेत मारून बाहेर आलो. घरी विचारण्यासारखं काही नव्हतं.

मग मी माझ्या अकलेनं केलं. फ्रिजचं एक मोठं खोकं आणलं, कापलं, मैद्याची खळ शिजवली. आमच्याकडे शाळेतले तक्ते काय, निवडणुकीची पोस्टरं काय, सगळं खळीनंच चिकटतं. विहिरीवाल्यांचा फोटो मी त्या पुठ्ठ्यावर चिकटवला, वरून फडक्यानं दाबला आणि उन्हात ठेवला. दुपारी बघितलं तर पुठ्ठा दोन्ही बाजूंनी वर उचलला होता, तव्यावर भाकरी कडा सोडते तसा. शिवाय पुठ्ठ्याच्या आतल्या वळ्या फोटोवर उमटल्या होत्या. माणसांच्या तोंडावरून नांगरट केल्यासारखं दिसत होतं. सोडवायला गेलो तर फोटो फाटला. मी तो पलंगाखाली सरकवला आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

आईला अर्थातच कळलं होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सोनारीला देवळापुढं चाचा बसत्यात की फ्रेमीवाले. त्येंन्ला जाऊन इचार. नुस्तं कुढून काय व्हतंय?"

चाचांचं दुकान म्हणजे एक टपरी. भैरवनाथाच्या तसबिरी खालपासून वरपर्यंत लावलेल्या, आणि एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेले माणसांचे फोटो. मी फाटलेला फोटो दाखवला. चाचांनी चष्मा वर करून तो उलटा केला, सुलटा केला, आणि हसले.

"एकाच अंगाला खळ लावलीस ना बेटा?"

"हो."

"मग तो वाकणारच. सुकताना कागद खेचतो. मागच्या अंगालाबी तसाच कागद लाव, म्हंजे दोघं सारखं खेचत्यात आन पुठ्ठा मधी गपगार राहतो." त्यांनी दोन तळहात एकमेकांवर दाबून दाखवले. "आन खोक्याचा एकच पुठ्ठा घेऊ नको. दोन घे. एकाच्या वळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. मग बघ कसा लाकडासारखा व्हतोय."

"आणि फोटो त्यावर चिकटवू?"

"चिकटवायचाच न्हाय. वरनं दोन ठिकाणी सुती पट्टीनं टांगायचा, कॅलेंडर टांगत्यात तसा. वरनं चारी बाजूंनी कागदाच्या पट्टीची चौकट बसव. ती फोटोला सपाट धरती. उद्या काय चुकलं तर पट्टी काढली की फोटो मोकळा." मग त्यांनी विचारलं, "कुणाचे हायेत फोटो?"

"गावातल्या लोकांचे, चाचा. कामं करतानाचे."

"हायेत का गेले?"

"सगळे आहेत."

"मग तू येगळाच हायेस. माझ्याकडं दोनच जातीचं गिऱ्हाईक येतं, देव आन गेलेली माणसं. जित्या माणसाचा एवढा मोठा फोटो कोण करतंय?"

मी हसलो. ते थट्टा करताहेत असं मला वाटलं. त्यांनी मला फुकट शिकवलं आणि वर चहा पाजला, म्हणून हे सांगायलाच हवं की पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. त्यांनी नीट विचारलं होतं.

घरी आल्यावर आई आणि मी कामाला लागलो. आई ब्लाउज शिवते, त्यामुळे कापण्याचं काम तिनं माझ्या हातात येऊच दिलं नाही. फोटोभोवतीची चौकट एका अखंड कागदातून कापली तर मधला सगळा भाग वाया जातो. आईनं ते बघून डोक्याला हात लावला. "चौकोनी गळ्याला म्या आख्खं कापड कापते का?" तिनं चार पट्ट्या कापल्या, टोकं तिरपी केली आणि कोपऱ्यात अशी जोडली की सांधा हातालाच लागायचा, डोळ्याला नाही. फोटो टांगायच्या सुती पट्ट्या ब्लाउजच्या अस्तराच्या होत्या. खोकी दोन दुकानांतून मागून आणली. विकत घेतला तो फक्त चौकटीचा कागद.

सरांनी आधी एकच फोटो तयार करून दाखवायला सांगितला होता. मी आत्यांचा घेतला, आणि त्याच्यासाठी काळा कागद आणला. मी मोबाइलवर बाहेरच्या देशांतली प्रदर्शनं बघितली होती. तिथं काळ्या चौकटीत फोटो काय उठून दिसतात. आत्यांचे पांढरे केस, करडाच्या तोंडाजवळचा दुधाचा थेंब, सगळं काळ्यात लखलखणार होतं.

आईनं कागद हातात घेतला आणि तशीच बसली. "काळं कशाला रं?"

"बाहेर असंच लावतात."

"पर माणसाच्या तोंडाभवती काळं…"

"आई, तुला नाही कळायचं त्यातलं."

असं मी म्हणालो.  तिनं कात्री उचलली आणि ती कापायला लागली. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते विचाराल तर या वाक्याची.

फोटो सुंदर झाला. ताठ, सपाट, कुठं फुगा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्यांच्या घरी चहा प्यायलो, त्या शेळ्या घेऊन ओढ्याकडे गेल्या आणि मी मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून कॉलेजला निघालो. फोटोला चादर गुंडाळली होती, पण ती वाऱ्यानं फडफडून चाकाकडे जायला लागली म्हणून काढली. फोटोवर काच नव्हती. शर्टाच्या गुंड्या घासतील म्हणून त्याचं तोंड मी बाहेरच्या बाजूला केलं आणि छातीशी धरून बसलो. सगळ्या गावातून असे आम्ही गेलो.

पाराजवळ एक म्हातारे बसले होते. आम्हाला बघून ते उठले, टोपी काढली आणि हात जोडले.

"बघ बघ," मित्र म्हणाला, "तुझ्या कलेला मान मिळतोय."

मीही मान लववली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पुढे किराणा दुकानापाशी दुकानदार मोबाइल धरून उभा होता. त्यानं आमचा फोटो काढला. त्याचंही मला बरंच वाटलं.

सरांनी फोटो टेबलावर उभा केला, मागचा पुठ्ठा ठोकून बघितला आणि खूश झाले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "काम चांगलं झालंय. पण या बाई कधी गेल्या?"

"कोण, सर?"

"या."

"सर, सकाळी त्यांनी मला चहा दिलाय."

सर माझ्याकडे बघायला लागले आणि मी फोटोकडे. काळी चौकट, मध्ये म्हातारं माणूस. बसस्टँडवर, चौकात, प्रत्येक गावाच्या वेशीवर मी जन्मापासून जे फलक बघत आलो, तेच मी बनवलं होतं. फक्त वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचं बाकी होतं. तेवढ्यात आईचा फोन आला.

"कुठं हायस? आत्यांच्या दारात बाया येऊन बसल्यात. म्या सांगितलं त्या वढ्याला गेल्यात म्हणून, तर म्हणत्यात तुझ्याच पोरानं फोटो न्हेलाय. मला तर आता वाटाया लागलंय, वढ्यावरच काय झालं का काय त्येंन्ला?"

"काही नाही झालं आई. माझ्या फोटोमुळे झालंय."

"आरं, त्या किराणावाल्यानं दादाला फोन केलाय पुण्याला. तो गाडीवर निघालाय."

दादा म्हणजे आत्यांचा मुलगा. मी फोटो उचलला आणि आम्ही तसेच परत फिरलो. येताना चादर गुंडाळली होती. गावात न शिरता सरळ ओढ्याकडे गेलो.

आत्या बाभळीखाली बसून भाकरी खात होत्या.  आईच्या बोलण्यानं माझ्याही मनात नको ते आलं होतं.

"आत्या, घरी चला."

"का? कोण मेलं?"

 मित्र म्हणाला, "तुमीच."

"आँ?"

"म्हणजे गावात तसं झालंय," मी म्हणालो. "माझ्यामुळे. फोटोमुळे."

आत्यांनी तोंडातला घास शांतपणे गिळला. "मग ही भाकरी खातंय कोण?" मला वाटलं आता त्या हसतील. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा बदलला. "माझ्या पोराला कळीवलं का कुणी?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या उठल्या. उरलेली भाकरी तशीच फडक्यात राहिली.

"लाव फोन त्याला."

मी लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. परत लावला.

"उचलत नाहीत."

"गाडीवर असंल. गाडीवर असताना फोन उचलू नगं म्हणून म्याच शपथ घातलीया त्याला." एवढं बोलून त्या शेळ्या हाकायला लागल्या. मित्रानं मोटरसायकलवर बसा म्हटलं तर म्हणाल्या, "आन शेळ्या काय तुझा बाप आणतोय?" वाटेत सूनबाईंना फोन लागला. त्यांनी सासूचा आवाज ऐकला आणि रडायलाच लागल्या. दादा निघून तास होऊन गेला होता. तोंडात घास घातला नव्हता, हेल्मेट घरीच राहिलं होतं, रडत रडत गाडी काढली होती.

तिथून पुढे आत्या झपझप चालायला लागल्या. मी त्यांच्या मागून चाललो होतो. पुण्याहून सोलापूरच्या हायवेनं टेंभुर्णीपर्यंत यायचं, मग आत वळायचं. त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, भरधाव गाड्या, आणि त्यात डोळ्यांत पाणी घेऊन गाडी चालवणारा एक माणूस, माझ्या एका कागदाच्या पट्टीमुळे.

दारातल्या बायकांनी आत्यांना शेळ्यांसकट गल्लीत शिरताना बघितलं. एक जण किंचाळली. दुसरी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"उठा गं," आत्या म्हणाल्या. "रडायला आला व्हता न्हवं? आता शेळ्या बांधू लागा."

"आत्याबाय, असं खोटंच कळलं म्हंजे माणसाचं आयुष्य वाढतंय बघा," एक म्हातारी म्हणाली.

"माझं वाढून काय करू? पोराचं कमी नगं व्हायला."

 किराणावाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "आत्या, म्या आपलं… फोटो बघितला आन…"

"तू गप बस. टेंभुर्णीला तुझं गिऱ्हाईक हाय न्हवं? त्येला फोन कर. म्हणावं काळी गाडी, एकटा माणूस, डोसक्यावर काय न्हाय. थांबवून धर म्हणावं."

तो लगेच फोन करायला लागला. माझा मित्र कुर्डुवाडीच्या दिशेनं दादाला गाठायला गेला. मी उंबऱ्यावर बसून दर पाच मिनिटांनी नंबर लावत होतो. रिंग वाजायची आणि थांबायची. वाजतंय म्हणजे फोन शाबूत आहे, एवढंच मी मनाशी म्हणत होतो.

आईनं फोटोची चादर सोडली. तिनं ब्लेड घेतलं आणि काळ्या चौकटीचे कोपरे सोडवायला लागली. चाचांच्या पद्धतीनं केलं होतं म्हणून चारी पट्ट्या अलगद निघाल्या, फोटोला ओरखडासुद्धा आला नाही. घरात लग्नाच्या साड्यांची पांढरी खोकी होती, त्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या जोडून तिनं तिथंच नवी चौकट बेतायला घेतली. हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून असेल. पुढे प्रदर्शनात फोटो त्याच चौकटीत मधल्या भिंतीवर लागला, आणि आत्या शेळ्या शेजारणीकडे सोपवून तो बघायला आल्या. पण त्या दुपारी प्रदर्शनाचं कुणाच्या मनातही नव्हतं.

"आत्या, चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. नजर रस्त्यावर होती. मग त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं. "करडू चांगलं आलंय. फाडू बिडू नगं."

आई खाली मान घालून पट्टी कापत होती. "वन्सं, चूक माझीबी हाय. मला दिसत व्हतं, पर हा शिकलेला म्हणून म्या बोलले न्हाय."

मी परत दादाचा नंबर लावला. 

टेंभुर्णीहून निरोप आला की तसा माणूस अजून दिसला नाही. मित्राचा फोन आला की कुर्डुवाडीपर्यंत रस्ता रिकामा आहे. वेळेच्या हिशेबानं दादा एव्हाना तिथं यायला हवा होता. हे सगळ्यांना समजत होतं. बायकांनी केलेला चहा कपांत तसाच गार झाला. आत्या जात्याजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

उन्हं अंगणातून भिंतीवर चढली तेव्हा माझ्या हातातला फोन वाजला. दादाचं नाव आलं. मी उचलला. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, मागे ट्रकचा हॉर्न, आणि मग दादाचा बसलेला आवाज.

"घरी फोन लावला, तर म्हणत्यात आई हाय… खरं हाय का?"

 मी फोन आत्यांच्या कानाला लावला.

"व्हय रं, म्याच बोलतीया," आत्या म्हणाल्या. "काय झालं न्हाय मला. शेळ्यांकडं गेलते. तू कुठं हायस? … आन गाडी? … लागलं का कुठं? … खरं सांग." मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "रडू नगं, लोकं बघत्यात." आणि मग, "आदी कायतरी खा. निम्म्या वाटंत आलाच हायस तर ये आता, पर हळू ये. अंधार पडला तरी चालंल."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि दारातल्या सगळ्यांकडे बघितलं.

"इंदापुरात हाय," त्या म्हणाल्या. "मागचं चाक पंचर झालंया. पंचरवाल्याच्या बाकड्यावर बसलाय. काय लागलं न्हाय त्याला."